जुन्या गाडीचा पेट्रोल काटा खोटं बोलतोय? मीटर बदलण्याआधी वायर आणि अर्थिंग तपासा

पद्मिनी, अँबॅसॅडर नाहीतर त्याआधीची फियाट ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी पेट्रोलच्या काट्याकडं बघणंच सोडून दिलेलं असतं. किलोमीटरचा हिशेब ठेवायचा, टाकीचं झाकण काढून गाडी हलवायची आणि आतला आवाज ऐकायचा, यावर सगळा कारभार. बेळगावात टिळकवाडीतनं कॅम्पात जाऊन यायला तेवढं पुरतं. पण जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाला लागलात आणि चढावर गाडी आचके देऊन थांबली, की मग त्या काट्याची आठवण येते.

काटा बिघडला की लोक थेट दोन टोकं गाठतात. एक तर डॅशबोर्ड उघडून मीटर काढतात, नाहीतर टाकी उतरवायला गॅरेजला गाडी लावतात. दोन्हीची गरज क्वचित पडते. दोष बहुतेक वेळा मधल्या वायरीत, तिच्या जोडात, आणि सगळ्यात जास्त करून टाकीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे टाकीपासून बॉडीपर्यंतच्या विजेच्या जोडात असतो. तो शोधायला एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजायचं उपकरण) आणि एक मोकळी सकाळ पुरते. वायरिंगचं काम शिकायचंच असेल तर सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. वायर एकच, करंट किरकोळ आणि निकाल डोळ्यासमोर. फक्त जवळ पेट्रोल आहे, एवढं कायम ध्यानात ठेवायचं.

आणखी एक गोष्ट. अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी. आज बाजारात जे नवीन मीटर आणि टाकीवर बसणारं, पेट्रोल मापणारं युनिट म्हणून मिळतं त्याचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळं मूळचं मीटर चालू स्थितीत असेल तर ते जपा, उगाच बदलू नका.

करंटचा रस्ता

बॅटरीतून निघालेला करंट इग्निशन स्विचमधून फ्यूजला येतो. तिथून काही गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाच्या छोट्या डबीतून, तर काहींत सरळ, मीटरला पोचतो. मीटरमधून एकच लांब वायर गाडीच्या कडेनं मागं डिकीपर्यंत जाते आणि टाकीवरच्या युनिटला लागते. युनिटच्या आत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याची दांडी आणि रेझिस्टन्सच्या (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) वेटोळ्यावरून घासत फिरणारी एक पातळ पट्टी. पेट्रोल खालीवर झालं की रेझिस्टन्स बदलतो. करंट पुढं युनिटच्या पत्र्यातून टाकीत, टाकीतून बॉडीत आणि बॉडीतून परत बॅटरीला.

मीटरला पेट्रोल दिसत नाही. त्याला दिसतो तो मीटरपासून बॉडीपर्यंतचा एकूण रेझिस्टन्स. वाटेत गंजलेल्या स्क्रूचे ५० ओहम घुसले, तर मीटर तेही पेट्रोलच्या हिशेबातच धरतं. काटा खोटं बोलतो तो असा.

काटा उडी मारतो की सावकाश चढतो?

काम सुरू करण्याआधी चावी फिरवा आणि काट्याकडं नुसतं बघत राहा. तुमचं मीटर कुठल्या जातीचं हे इथंच कळतं, आणि पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे.

काटा काही सेकंद घेत, रेंगाळत वर चढला तर मीटर गरम पट्टीचं. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापून वाकते आणि काट्याला ढकलते. या जातीत सहसा स्टॅबिलायझर असतो, तो १२ व्होल्टचे सरासरी १० व्होल्ट करून देतो. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या अशा मीटरला टाकी रिकामी असताना युनिटचा रेझिस्टन्स साधारण २४० ते २५० ओहम लागतो, भरलेली असताना २० ते ३०. म्हणजे वायर तुटली तर काटा रिकाम्यावर पडून राहतो, वायर बॉडीला चिकटली तर भरलेल्यावर जातो.

चावी फिरवताक्षणी काटा टुणकन जागेवर गेला, रस्त्यातल्या खड्ड्यांबरोबर डुलत राहिला, तर मीटर दोन कॉइलचं. ब्रिटिश घराण्यातल्या जास्त जुन्या गाड्यांत हे सापडतं. इथं हिशेब उलटा. रिकाम्या टाकीला रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, भरलेलीला ७० ते ९० ओहमच्या आसपास. वायर तुटली तर काटा भरलेल्याच्याही पलीकडं जातो, बॉडीला चिकटली तर रिकाम्यावर.

आता यातलं गांभीर्य बघा. अर्थिंग खराब झालं की रेझिस्टन्स वाढतो. गरम पट्टीच्या मीटरमध्ये त्यामुळं पेट्रोल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. टाकी फुल्ल केली तरी काटा अर्ध्यावर अडकतो, आपण चिडतो, पण रस्त्यात अडकत नाही. कॉइलच्या मीटरमध्ये मात्र आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. घाटात फसवणारा काटा हा. तुमचं मीटर या दुसऱ्या जातीचं असेल तर दुरुस्ती पुढच्या रविवारवर ढकलू नका.

इंडिकेटर लावल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर काटा नाचत असेल, तर बाकी काही तपासायच्या आधी मागच्या अर्थिंगवर बोट ठेवा. मागचे दिवे आणि टाकी यांचं अर्थिंग एकाच स्क्रूवर असतं, नाहीतर एकाच गंजक्या पत्र्यातून जातं. दिव्यांचा करंट तिथं गर्दी करतो आणि काटा हलतो.

आपल्याकडं हे जोड का सडतात

जूनपासून पुढं खानापूर, लोंढा, कणकुंबी पट्ट्यात गाडी उभी असेल तर कारण वेगळं सांगायला नको. डिकीचं रबर कडक झालेलं असतं. पाणी कडेनं आत उतरतं आणि गालिच्याखाली साठून राहतं. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली पत्रा महिनाभर ओला. वायर मागच्या चाकाच्या कमानीजवळून जात असेल तर तांबडी माती तिथं थापून बसते आणि ओल धरून ठेवते. शिवाय खंडेनवमी! पूजेच्या आदल्या दिवशी पाण्याचा जोरदार फवारा मारून गाडी लख्ख करायची आणि दसऱ्याला काटा बंद, हा प्रकार वर्कशॉपवाल्यांच्या ओळखीचा आहे. उंदरांचाही वाटा असतो, विशेषतः गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी राहत असेल तर.

सामान आणि खबरदारी

मल्टिमीटर, पाने आणि स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायची पक्कड, थिंबल दाबायची पक्कड, बारीक पॉलिश पेपर, १ ते १.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, गोल आणि फाट्याचं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), दातेरी वॉशर, पेट्रोलियम जेली. घरातली एकेरी तारेची कडक वायर वापरू नका, गाडीच्या हादऱ्यानं ती तुटते. बारीक तारांची ऑटो वायरच घ्या. एक जंपर वायरही करून ठेवा. साधारण दोन मीटर लांब, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप आणि मधे १ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज चुकवू नका. आधीच्या मालकानं मागं इलेक्ट्रिक पंप बसवला असेल आणि चुकून त्याची वायर धरलीत, तर फ्यूज जाईल, बाकी काही होणार नाही.

गाडी उघड्यावर, सावलीत उभी करा. बंद गॅरेजमध्ये हे काम नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साठते. डिकी उघडून थोडा वेळ वारा लागू द्या. पेट्रोलचा वास येतच राहिला तर वायरिंग बाजूला ठेवा आणि आधी गळती बघा. टाकीजवळ बल्बचा टेस्टर, डाख मारायची इस्त्री, लायटर यातलं काही आणायचं नाही. जोड काढताना आणि लावताना बॅटरीची बॉडीला जाणारी वायर काढून ठेवा. ती निगेटिव्हच असेल असं धरून चालू नका, डायनामोच्या काळातल्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं. कुठली केबल इंजिनाला किंवा पत्र्याला जाते ते डोळ्यांनी बघून घ्या.

पहिली पायरी: पुढची बाजू, पटकन

फ्यूज बघा. काचेचा असो की चिनीमातीचा, तो गेलेला नसला तरी त्याच्या टोकांवर पांढरी बुरशी धरलेली असते. काढून पॉलिश पेपरनं टोकं आणि पट्ट्या घासा, परत बसवा. याच फ्यूजवर वायपर किंवा इंडिकेटर असतो, तो चालतो का बघा. चालत असेल तर फ्यूजपर्यंत करंट आहे.

पाण्याच्या तापमानाचाही विजेवर चालणारा काटा असेल तर त्याच्याकडं नजर टाका. दोन्ही काटे एकदम मेले, किंवा दोन्ही एकदम जास्त दाखवायला लागले, तर दोष स्टॅबिलायझरचा. दोन्ही जास्त दाखवत असतील तर बहुधा त्या डबीचंच अर्थिंग सुटलेलं असतं. ती ज्या स्क्रूनं बसवली आहे तो घासून घट्ट केला की काम होतं. स्टॅबिलायझरच्या बाहेर येणारं व्होल्टेज डिजिटल मल्टिमीटरवर सतत खालीवर होताना दिसलं तर घाबरू नका. जुना स्टॅबिलायझर चालू-बंद करतच सरासरी १० व्होल्ट काढतो. एकटा पेट्रोलचा काटा बिघडला असेल तर पुढं हात न लावता सरळ मागं चला.

दुसरी पायरी: युनिट शोधा आणि वायर काढा

गालिचा, स्टेपनी, त्याखालचा पुठ्ठा बाजूला करा. टाकीच्या माथ्यावर किंवा कडेला स्क्रूंनी बसवलेली गोल चकती म्हणजे युनिट. एका वायरीचं युनिट असेल तर ती मीटरची. जास्त वायरी असतील तर एक मीटरची, एक रिझर्व्हच्या दिव्याची आणि काळी असेल ती बहुधा अर्थिंगची. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये युनिटची वायर हिरवी, तिच्यावर काळी रेघ. तापमानाची हिरवी, तिच्यावर निळी रेघ. पण चाळीस-पन्नास वर्षांत गाडीनं किती हात बघितलेत कोण जाणे, रंगावर विसंबू नका. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि मग मोबाईल बाजूला ठेवून द्या.

चावी बंद, बॅटरीची केबल काढलेली. आता वायरीचं टोक हलकेच ओढून बघा. टर्मिनलवर हिरवा थर आणि प्लास्टिकच्या आत वायर फुगल्यासारखी लागली, तर अर्धा तपास इथंच झाला. बाहेरून वायर धड दिसते, पण टोकाला थोडं सोललं की आतल्या तारा काळ्या पडलेल्या आणि बोटानं चुरडल्या जाणाऱ्या निघतात.

तिसरी पायरी: जंपरची चाचणी

काढलेल्या वायरीच्या टोकाला जंपरची एक क्लिप लावा. दुसरी क्लिप डिकीच्या बाहेर, टाकीपासून लांब, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला किंवा बंपरच्या बोल्टला लावा. दोन्ही टोकं पक्की धरली आहेत हे बघितल्यावरच बॅटरी जोडा आणि मग चावी फिरवा. क्रम हाच. चावी चालू ठेवून क्लिप लावायची नाही, म्हणजे ठिणगीचा प्रश्नच येत नाही.

गरम पट्टीचं मीटर असेल तर काटा सावकाश भरलेल्याकडं जाईल. तिथं पोचला की लगेच चावी बंद करा, पट्टी उगाच तापवायची नाही. कॉइलचं असेल तर काटा रिकाम्यावर येईल. मग जंपर काढा, वायर कशालाही टेकणार नाही अशी मोकळी ठेवा आणि परत चावी फिरवा. आता काटा उलट्या टोकाला गेला पाहिजे.

दोन्ही वेळा काटा शहाण्यासारखा वागला तर फ्यूज, मीटर आणि अख्खी लांब वायर निर्दोष सुटली. डॅशबोर्ड उघडायचं कारण नाही. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही तर दोष पुढं आहे, त्याकडं पाचव्या पायरीत येऊ.

चौथी पायरी: अर्थिंग मोजा

सगळा लेख याच मोजमापासाठी लिहिला असं म्हटलं तरी चालेल. बहुतेक जण युनिटचा एकच आकडा घेतात आणि युनिट खराब ठरवून मोकळे होतात. दोन आकडे घ्यायचे असतात.

चावी बंद, बॅटरी काढलेली, वायर युनिटवरून सुटलेली. मल्टिमीटर २०० किंवा २००० ओहमवर लावा. आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून मल्टिमीटरचा स्वतःचा आकडा बघून ठेवा. आता एक सुई युनिटच्या टर्मिनलवर, दुसरी युनिटच्या चकतीच्या घासून स्वच्छ केलेल्या कडेवर. हा पहिला आकडा. मग पहिली सुई तिथंच ठेवून दुसरी गाडीच्या बॉडीवर, लांब, स्वच्छ बोल्टवर. हा दुसरा.

दोन्ही सारखे आले तर अर्थिंग ठीक. समजा पहिला ६० आणि दुसरा ११० आला, तर मधले ५० ओहम चकती आणि बॉडीच्या मधे कुठंतरी बसलेत. युनिट बिचारं बरोबर सांगतंय, वाटेत निरोप बदलतोय. दुसऱ्या वेळी मल्टिमीटरनं काहीच दाखवलं नाही तर अर्थिंग पूर्ण तुटलेलं आहे. पहिलाच आकडा टाकीतल्या पेट्रोलशी जुळत नसेल किंवा गाडी हलवल्यावर मधेच गायब होत असेल, तर मात्र आतली पट्टी झिजली आहे किंवा फ्लोट बुडाला आहे. ते काम युनिट बाहेर काढूनच होतं.

अर्थिंग टाकीच्या पट्ट्यांमधून आणि नटबोल्टांमधून आपोआप मिळेल, असा जुन्या रचनेचा भरवसा होता. पट्ट्यांखाली रबर किंवा फेल्ट असतं, बोल्टवर गंज असतो, आणि कुणीतरी टाकीला हौसेनं जाड रंग मारलेला असतो. त्यावर उपाय एकच, वेगळी वायर ओढायची.

चकतीचा एक स्क्रू निवडा. तो पूर्ण काढू नका, खालची पॅकिंग हलते. जरा सैल करून फाट्याचं थिंबल खाली सरकवता येईल असं बघा, किंवा चकतीवर अर्थिंगचं टोक आधीच असेल तर तेच वापरा. जागा पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत हातानंच घासा, इथं ड्रिलवरचा ब्रश नको. वायरीचं टोक ६-७ मिलिमीटर सोला, तारा पिळा, थिंबलमध्ये घालून पकडीनं दाबा आणि जोरात ओढून बघा. सुटलं तर परत करा. दुसरं टोक डिकीच्या पत्र्यावर, टाकीचा भाग नसलेल्या ठिकाणी. तिथं रंग खरवडा, थिंबलखाली दातेरी वॉशर घाला, स्क्रू कसा. नवीन भोक पाडू नका, डिकीत असलेलाच बोल्ट वापरा. शेवटी दोन्ही जोडांवर पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग कसायचं नाही, आधी धातूला धातू भिडू द्या.

परत दोन आकडे घ्या. फरक एखाद्या ओहमच्या आत आला की वायर युनिटला जोडा, बॅटरी लावा, चावी फिरवा.

पाचवी पायरी: लांब वायर तुटली असेल तर

जंपर लावूनही काटा हलला नाही, तर वायर डॅशबोर्डच्या बाजूनं मोकळी करा आणि दोन्ही टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. सुया लांबच्या लांब पोचणार नाहीत, मग एक टोक जंपरनं बॉडीला लावा आणि दुसऱ्या टोकापासून बॉडीपर्यंत मोजा. एक-दोन ओहमच्या आत आलं तर वायर चांगली आणि संशय मीटरवर किंवा त्याच्या पुरवठ्यावर. नाही आलं तर जिथं पुढचं आणि मागचं वायरिंग गोळी कनेक्टरनं जोडलेलं असतं, बहुधा पायदानाच्या कडेला किंवा मागच्या सीटजवळ, तो जोड आधी उघडा. दहापैकी किती वेळा तिथंच सापडतं हे सांगत नाही, पण पैज लावायची तर मी तिथं लावीन.

कनेक्टर बदलताना काळी पडलेली वायर मागं मागं कापत जा, तांबं तांबूस चमकेपर्यंत. काळ्या तारेवर थिंबलही धरत नाही आणि डाखही. वायर अपुरी पडली तर तुकडा जोडा. संपूर्ण वायरच सडली असेल तर जुनीच्या शेजारून नवी ओढा, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा. डाख मारायचा किंवा आवळणारी स्लीव्ह गरम करायची, तर ते पुढच्या टोकाला, टाकीपासून दूर. मागं फक्त दाबून करायचे जोड.

काटा परत शिकून घ्या

दुरुस्तीनंतर काटा आधीपेक्षा वेगळं दाखवेल. त्यामुळं कमी पेट्रोल असताना पंपावर जा, पाच-पाच लिटर भरत प्रत्येक वेळी गाडी सपाट जागी लावून काटा कुठं थांबतो ते वहीत लिहा. जुन्या मीटरमध्ये शेवटचा पाव भाग बाकीच्यासारखा सरळ चालत नाही, म्हणून तुमच्या गाडीचा खरा रिकामा कुठं आहे ते तुम्हालाच माहीत हवं. चढावर पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकतं, तेव्हा घाटातलं माप प्रमाण मानू नका.

युनिट काढायचीच वेळ आली तर पॅकिंग नवी टाका, आणि ती इथेनॉल झेपणारी घ्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. जुनी कॉर्कची आणि साध्या रबराची पॅकिंग त्यात टिकत नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. त्याला घरी डाख मारायला बसू नका. आत वाफ कोंडलेली असते, तापवला तर फुटेल. तो बदलून घ्या किंवा हे काम रोज करणाऱ्याच्या हवाली करा, आणि देताना तुमचे ओहमचे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून द्या.